टीप, काज आणि पिको : शिवणयंत्राच्या जोडसाधनांचा सांस्कृतिक इतिहास

शिवणयंत्राचा इतिहास सामान्यतः शोधकर्त्यांच्या नामावळीच्या रूपात सांगितला जातो. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए याचे १८३० मधील साखळी टाक्याचे यंत्र, एलिअस हाव याचे १० सप्टेंबर १८४६ चे पेटंट, आयझॅक मेरिट सिंगर याचे १२ ऑगस्ट १८५१ चे पेटंट आणि कापड आपोआप पुढे सरकवणारी अ‍ॅलन विल्सन याची १८५४ मधील दात्यांची योजना ही त्या नामावळीतील ठळक नावे होत. ही नामावळी जेथे थांबते तेथे यंत्र पूर्ण झाले असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात या 'पूर्ण' यंत्राला एकच गोष्ट येत होती : सरळ रेषेत टीप मारणे. झालर, चुण्या, टक, गोट, बारीक दुमड, काज, गोधडीच्या समांतर ओळी यांपैकी काहीही त्याला स्वतःहून येत नव्हते. ही सारी कामे प्रेशर फूट काढून त्याच्या जागी बसवायच्या बोटभर लांबीच्या पोलादी साधनांनी केली. इंग्रजीत त्यांना अटॅचमेंट म्हणतात, आणि शिवणकाम शिकवणाऱ्या मराठी वर्गांतही हाच शब्द रूढ आहे; येथे सोयीसाठी 'जोडसाधन' हा शब्दही वापरला आहे.

या साधनांकडे साहित्य आणि संस्कृतीच्या अभ्यासकांचे जवळजवळ दुर्लक्ष झाले आहे. यंत्र हे आधुनिकतेचे चिन्ह म्हणून पुष्कळदा वाचले गेले. त्याच्या खणात पडलेली डबी मात्र कोणी उघडून पाहिली नाही. वस्तुतः शिवणाऱ्या व्यक्तीने काय शिवले, कोणाच्या अंगासाठी शिवले आणि कोणत्या सौंदर्यदृष्टीने शिवले, याचा पुरावा यंत्रापेक्षा या डबीत अधिक आहे. जुन्या यंत्रांचा सांभाळ करणारे संग्राहक आणि संग्रहालये यंत्रे जपतात. सुट्या साधनांची मात्र वाटावाट होते, ती हरवतात वा भंगारात जातात. एकदा डबी आणि यंत्र वेगळे झाले की त्या घरात काय शिवले जात होते हे सांगणारा दुवा तुटतो, आणि तो बहुधा पुन्हा जोडता येत नाही.

अशा डब्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध डबी सिंगर कंपनीची. ओक लाकडाच्या बिजागरीच्या फळ्यांची ही पेटी उघडली की पूर्ण सपाट पसरते, आणि प्रत्येक साधनासाठी आत कोरलेली स्वतंत्र खाच दिसते. मिटली की तीच एक घट्ट चौकोनी ठोकळा होते. संग्राहक तिला कोड्याची पेटी म्हणतात. तिच्यावर १९ फेब्रुवारी १८८९ ही पेटंटची तारीख आढळते. कोणते साधन कोठे ठेवायचे हे पेटीनेच ठरवून दिलेले असल्यामुळे एखादे हरवले की त्याची रिकामी खाच लगेच नजरेत भरते. जुन्या पेट्या अभ्यासताना या रिकाम्या खाचांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जे साधन हरवलेले आहे ते कदाचित सर्वाधिक वापरले गेलेले असू शकते, आणि जे अजूनही चकाकते आहे ते कदाचित एकदाही यंत्राला लागलेले नसते. अर्थात हे अनुमान प्रत्येक वेळी खरे ठरेलच असे नाही. परंतु केवळ 'संपूर्ण संच' शोधणाऱ्या संग्राहकाच्या दृष्टीला ते सुचतच नाही.

या संचातील दोन साधने विशेष विचार करण्याजोगी आहेत. पहिले रफलर, म्हणजे चुण्या घालणारे साधन. त्याचा एक दुबेळक्या टोकाचा हात सुई धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर बसतो. सुई वरखाली झाली की हा हातही वरखाली होतो आणि त्या गतीने एक दातेरी पातळ पाते कापडाचा कडेचा भाग पुढे ढकलते. त्याखाली दुसरे गुळगुळीत पाते असते. ते वरचे कापड खालच्या कापडापासून व यंत्राच्या दात्यांपासून अलग ठेवते, म्हणून चुण्या फक्त वरच्या कापडाला पडतात. प्रत्येक टाक्याला एक चुणी, दर सहा टाक्यांना एक, की दर बारा टाक्यांना एक, हे एका छोट्या खटक्याने ठरते. चुणीची खोली दुसऱ्या स्क्रूने ठरते. शिवाय यंत्रावरील टाक्याची लांबी कमी केली की त्याच अंतरात चुण्या अधिक पडतात आणि झालर अधिक भरघोस होते. म्हणजे झालरीचा भरगच्चपणा, जो पूर्वी शिवणाऱ्या बाईच्या बोटांच्या अंदाजावर अवलंबून होता, तो आता तीन संख्यांचा प्रश्न झाला.

दुसरे साधन टकर. एकामागून एक समांतर टक घालण्यासाठी ते बनवलेले असते. त्याच्या दोन मोजपट्ट्यांपैकी एक टकाची रुंदी सांगते, दुसरी दोन टकांमधली जागा. चालू टक शिवला जात असतानाच त्याचा एक भाग कापडावर पुढच्या टकाची घडी उमटवत जातो. टकांच्या मध्ये मोकळी जागा नको असेल तर दोन्ही पट्ट्या एकाच आकड्यावर ठेवायच्या असतात. आपण जे करीत आहोत त्याच्यातच पुढच्या कृतीची खूण सोडत जाणे ही रचनाविशेषाची गोष्ट आहे. छंदोबद्ध रचनेचा अभ्यास करणाऱ्याला तिची ओळख पटण्यास वेळ लागू नये. मात्र ही तुलना फार ताणणे इष्ट नाही : कवी पुढच्या ओळीची घडी मोडू शकतो, टकर मोडू शकत नाही.

या साधनांचा प्रसार ज्या काळात झाला त्या काळातील पाश्चात्त्य स्त्रीवेषाकडे पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालरी, थरावर थर चढलेले घागरे, टकांनी भरलेले छातीचे भाग, गोट लावलेल्या कडा यांची रेलचेल झाली. यंत्रामुळे शिवणाचे कष्ट कमी होतील अशी अपेक्षा होती. टॉमस हूड याची शर्ट शिवणाऱ्या स्त्रीवरील कविता १८४३ मध्ये 'पंच' मध्ये आली, आणि हावचे पेटंट त्यानंतर तीन वर्षांनी. या दोन तारखांमधले अंतर पाहून यंत्राने त्या कवितेतील व्यथेला उत्तर दिले असे म्हणण्याचा मोह होतो. पण कार्ल मार्क्सने १८६७ मधील 'कॅपिटल' च्या पहिल्या खंडात कपड्यांच्या धंद्यातील निर्णायक क्रांतिकारी यंत्र म्हणून शिवणयंत्राचाच निर्देश केला, आणि त्याच ठिकाणी घरबसल्या व लहान कोठड्यांत शिवणाऱ्या मजुरांची त्याने झालेली ससेहोलपटही नोंदवली. वाचलेला वेळ विश्रांतीकडे गेला नाही, तो झालरीत गेला. रूथ श्वार्ट्झ कोवन हिने १९८३ च्या ग्रंथात घरगुती उपकरणांनी गृहिणीचे काम घटवले नाही, त्याचे स्वरूप व अपेक्षा बदलल्या, असा जो युक्तिवाद केला आहे, त्याला जोडसाधनांइतका बोलका दाखला दुसरा सापडणार नाही. रफलर ही वेळ वाचवण्याची वस्तू होती. तिने वाचवलेला वेळ दुसऱ्या झालरीवर खर्च होई.

स्त्रीचे नाव या इतिहासात फार क्वचित येते. म्हणून अमेरिकेतील मेन राज्यातील हेलन ऑगस्टा ब्लँचर्ड हिचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. तिने १८७३ मध्ये नागमोडी टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि पुढे तिच्या नावावर झालेल्या पेटंटांपैकी बहुसंख्य शिवणयंत्राशी संबंधित आहेत. तरीही ज्या सामान्य वाचकाला सिंगरचे नाव ठाऊक असते त्याला ब्लँचर्डचे ठाऊक नसते. आपल्याकडे साडीच्या कडेला मारला जाणारा दाट नागमोडी टाका तिच्या कामाच्याच वंशातला आहे.

जोडसाधनांचा उद्योग इतका फोफावला याचे एक कारण पेटंटांच्या राजकारणात शोधता येते. १८५६ मध्ये सिंगर, व्हीलर अँड विल्सन, ग्रोव्हर अँड बेकर या कंपन्या आणि हाव यांनी आपली पेटंटे एकत्र बांधून एक संघ केला, आणि तो १८७७ पर्यंत टिकला. मूळ यंत्रात हात घालणे त्या काळात बाहेरच्या माणसाला महाग पडे. यंत्राच्या कडेला जोडायच्या लहान साधनांवर कल्पकता खर्च करणे तुलनेने सोपे होते, असे मानण्यास जागा आहे. आयोवा राज्यातील ओटुम्वा येथील जॉन्स्टन रफलर कंपनी आणि कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील ग्राइस्ट कंपनी या दोन्ही केवळ साधनांच्या बळावर मोठ्या झाल्या. ग्राइस्टने निरनिराळ्या यंत्र-कंपन्यांसाठी संच बनवले. आत मखमल लावलेल्या त्यांच्या काळ्या पत्र्याच्या डब्या आजही जुन्या बाजारांत आढळतात. डबीवर एका कंपनीचे नाव, आतल्या साधनांवर दुसऱ्याचे आणि यंत्रावर तिसऱ्याचे, असा प्रकार सर्रास दिसतो. कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न येथे हस्तलिखितांच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.

याच प्रश्नातून साधन ओळखण्याची पद्धत निर्माण होते. सिंगरच्या यंत्रावरील अनुक्रमांकावरून यंत्र कोणत्या वर्षीचे आहे हे कळू शकते. साधनावर असा अनुक्रमांक नसतो. त्यावर बहुधा 'सिमान्को' हा 'सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' या नावापासून झालेला शिक्का आणि भागाचा क्रमांक असतो : टकर ३६५८३, कड शिवण्याचे साधन ३६८६५, सरकता हेमर ३५९३१. हा क्रमांक एका साधनाचा नसून त्या प्रकारातील सर्व साधनांचा असतो, म्हणून त्यावरून वर्ष सांगता येत नाही. काही साधनांवर पेटंटच्या तारखा उठवलेल्या असतात. त्यांपैकी शेवटची तारीख घेतली तर साधन त्या तारखेपूर्वीचे नाही एवढेच सिद्ध होते. किती नंतरचे हे सिद्ध होत नाही, कारण तोच साचा अनेक वर्षे वापरला जात असे. अनेक विक्रेते ही पेटंटची तारीखच निर्मितीची तारीख म्हणून सांगतात. पोथीत उल्लेखिलेल्या घटनेचा शक हाच पोथीच्या लेखनाचा शक मानण्यासारखी ही चूक आहे, आणि ती तितक्याच सहजतेने पुढे पुढे नकलली जाते.

साधन यंत्राला बसेल की नाही हे मात्र नावावरून ठरत नाही. ते दांड्यावरून ठरते. प्रेशर फूट ज्या दांड्याला स्क्रूने आवळला जातो, त्यावरील स्क्रूपासून सुईखालच्या पट्टीपर्यंतचे अंतर ही निर्णायक मोजणी होय. बहुसंख्य घरगुती यंत्रे 'लो शँक' प्रकारची असतात. 'हाय शँक' यंत्रांत हे अंतर सुमारे अर्ध्या इंचाने अधिक असते. सिंगरने १९५२ मध्ये आणलेल्या ३०१ या यंत्रापासून सुई व दांडा दोन्ही तिरके झाले, आणि त्या मालिकेची साधने इतर यंत्रांना निरुपयोगी ठरली. विलकॉक्स अँड गिब्ज यांच्या एकधागी साखळी टाक्याच्या यंत्राला स्वतःचीच वेगळी साधने लागतात. याउलट, सिंगरच्या १५ या वर्गातील यंत्राची नक्कल जगभर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी या वर्गाची यंत्रे असंख्य वेगवेगळ्या नावांनी अमेरिकेत विकली. लुधियानातील उद्योगाने भारतात तीच वाट धरली. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभीचे अमेरिकन रफलर पंजाबात बनलेल्या काळ्या पायमशीनला बिनतक्रार बसते. मक्तेदारीच्या इच्छेविरुद्ध, केवळ नक्कल होत गेल्यामुळे, एक सार्वत्रिक मोजमाप रूढ झाले. साहित्याच्या इतिहासात छंदांचे व कथाबीजांचे असेच झाले आहे.

येथे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला लोत्रेआमाँ आठवणे अपरिहार्य आहे. 'मालदोरोर' च्या १८६९ मधील मुद्रणातील सहाव्या सर्गात शवविच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची आकस्मिक भेट ही प्रतिमा येते. अतिवास्तववाद्यांनी तिला आपला मूलमंत्र केले आणि मॅन रे याने १९२० मध्ये कांबळ्यात गुंडाळून दोरीने बांधलेल्या यंत्राची कलाकृती करून तिला दृश्यरूप दिले. या परंपरेत यंत्र सुंदर होते ते त्याच्या उपयोगापासून तोडल्यामुळे. कांबळ्यात गुंडाळलेले यंत्र टीप मारीत नाही. जोडसाधनांचा इतिहास नेमका उलट्या दिशेने जातो : तेथे दोन परक्या वस्तूंची भेट आकस्मिक नसते, ती स्क्रूच्या मापाने ठरवलेली असते, आणि तिच्यातून काहीतरी वापरण्याजोगे निघते. जेरार झेनेत याने १९८७ मध्ये मांडलेली उपसंहितेची संकल्पनाही येथे पुरी पडत नाही. मुखपृष्ठ, प्रस्तावना, तळटीपा या संहितेच्या भोवती राहतात. रफलर मात्र टाका पडण्याच्या क्षणीच कापडाची जागा बदलतो. त्याला यंत्राच्या 'भोवतीचे' म्हणणे अवघड आहे.

भारतात हा इतिहास वेगळे वळण घेतो. सिंगरच्या येथील व्यापाराची घडी मुंबईतील पारशी व्यावसायिक नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी १८७५ पासून बसवली. यंत्रे प्रामुख्याने स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कारखान्यातून येत. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०११ मधील आपल्या लेखात आणि २०१३ मधील ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, भारतात आरंभीच्या दशकांत यंत्र प्रामुख्याने पुरुष शिंप्यांच्या हाती गेले. पाश्चात्त्य जाहिरातींतील गृहिणी येथे बराच काळ अपवादच राहिली. याचे कारण केवळ किंमत नव्हे. नऊवारी लुगडे आणि धोतर या न शिवलेल्या वस्त्रांच्या समाजात रफलरला करण्यासारखे काम थोडे होते. निऱ्या हीसुद्धा चुण्यांचीच रचना आहे. पण ती रोज सकाळी बोटांनी घातली जाते व रात्री मोडते. तिला टाका लागत नाही आणि तिची मोजपट्टी नेसणाऱ्या स्त्रीच्या हातातच असते. झंपर, परकर, मुलींचे फ्रॉक यांच्या प्रसाराबरोबर साधनांना काम मिळू लागले. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकामाला स्त्रियांच्या स्वावलंबनाच्या शिक्षणात स्थान दिले, तेव्हा यंत्र शिंप्याच्या दुकानातून घराच्या ओसरीवर आले. शिवणकाम करून मुले वाढवणारी विधवा किंवा परित्यक्ता ही व्यक्तिरेखा पुढे मराठी कथेत व चित्रपटात इतकी रुळली की तिच्या खोलीतील यंत्राच्या आवाजाने प्रसंगाची सारी पार्श्वभूमी सांगून होते. त्या यंत्रावर ती नेमके काय शिवते हे मात्र लेखक क्वचितच सांगतात.

यंत्रविरोधाच्या संदर्भातही शिवणयंत्राने एक अडचण निर्माण केली. 'हिंद स्वराज' मध्ये १९०९ साली यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये दिल्लीत रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. हा संवाद त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'यंग इंडिया' त आला. गांधींच्या मते या यंत्राच्या मुळाशी लोभ नव्हता, प्रेम होते : पत्नीला शिवणाचे कष्ट पडताना पाहून सिंगरने ते घडवले. चरित्राच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. सिंगर हा मुळात फिरता नट होता. त्याने १८५० मध्ये बॉस्टनमधील एका कारखान्यात यंत्र सुधारायला घेतले ते पैशासाठी, आणि त्याचा कौटुंबिक इतिहास अनेक समांतर संसारांचा आहे. पत्नीच्या कष्टांची दंतकथा खरे तर हावच्या चरित्राशी अधिक जवळून निगडित आहे. तथापि ही चूक महत्त्वाची आहे ती वेगळ्या कारणाने. गांधींना यंत्राचा नैतिक निकष हवा होता आणि तो त्यांनी एका कथेतून घेतला. कथा खोटी असली तरी निकष खोटा ठरत नाही. शिवाय ज्या यंत्राला त्यांनी अपवाद केले ते सरळ टीप मारणारे, माणसाच्या हाताची जागा न घेता हाताला साहाय्य करणारे यंत्र होते. त्याच यंत्राला टकर आणि रफलर लावले की ते प्रेमाच्या बाजूला राहते की हौसेच्या, हा प्रश्न त्या संवादात उपस्थित झाला नाही.

१९३० च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सच्या 'उषा' यंत्रांमुळे देशी पर्याय उभा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर लुधियाना हे यंत्रांच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या निर्मितीचे केंद्र बनले. शिवणसामानाच्या दुकानांत आज मिळणारी लो शँक साधने जुन्या अमेरिकन साधनांच्याच आकृतीची असतात. पंजाबच्या या संदर्भात संत नामदेवांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. जातीने शिंपी असलेल्या नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत आणि परंपरेनुसार त्यांचे उत्तरायुष्य पंजाबातील घुमान येथे गेले. त्यांच्या एका प्रसिद्ध हिंदी पदात मन हा गज होतो, जीभ कातर होते, आणि सोन्याची सुई व रुप्याचा धागा यांनी चित्त हरीशी जोडले जाते. मोजणे, कापणे, शिवणे या तिन्ही क्रिया तेथे आहेत. त्या पदात भर आहे तो जोडण्यावर, नटवण्यावर नाही. हे रूपक यंत्रयुगात टीप मारणाऱ्याला सहज लागू पडते, झालर घालणाऱ्याला तितक्या सहजतेने नाही.

भाषेच्या अंगाने पाहिले तर शिवणकामाच्या शब्दसंग्रहात तीन-चार साम्राज्यांचे थर सापडतात. अस्तर, गज, रफू, दर्जी हे शब्द फारसी-अरबीच्या मार्गाने आले. काज हा शब्द पोर्तुगीज 'काझा' म्हणजे घर यावरून आला : बटणाचे घर. फीत, इस्त्री हेही पोर्तुगीजच. गोवा व कोकणपट्टी या मार्गाची खूण त्यांत दिसते. मशीन, शटल, बॉबिन, हेम हे इंग्रजीतून आले. सर्वांत मनोरंजक शब्द 'पिको'. साडीच्या दुकानाशेजारी 'पिको-फॉल' अशी पाटी नसलेले महाराष्ट्रातील गाव विरळा. हा शब्द मुळात फ्रेंच 'पिको', म्हणजे कडेला काढलेले लहान टोकेरी वेलबुट्टीचे फास. मराठीत येताना अर्थ बदलला : नागमोडी टाक्याने साडीची कड पक्की करणे म्हणजे पिको, आणि असा टाका घालणारे यंत्र म्हणजे पिको मशीन. ब्लँचर्डच्या नागमोडी टाक्याला फ्रेंच लेसकामातील शब्द मिळाला, आणि तो न शिवलेल्या वस्त्राच्या एकमेव शिवलेल्या रेषेला चिकटला.

'टीप' या शब्दाचे तर अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. शिंप्याची टीप आणि ग्रंथाची टीप यांचे रूप मराठीत एकच. कापडावर टीप मारली की दोन तुकडे एक होतात. पानाखाली टीप दिली की मजकूर दुसऱ्या ग्रंथाला जोडला जातो. दोन्हींत वाचणाऱ्याला वा नेसणाऱ्याला शिवण दिसू नये, अशी अपेक्षा असते. आणि दोन्ही उसवल्या की काम उघडे पडते.

काज घालणाऱ्या साधनाचा येथे स्वतंत्र विचार व्हायला हवा, कारण सरळ टाक्याच्या यंत्राची मर्यादा त्यात सर्वाधिक स्पष्ट होते. हाताने घातलेले काज हे शिवणातले सर्वांत किचकट काम; शिंप्याच्या दुकानात काजे-बटणांसाठी वेगळा माणूस असतो तो त्याचमुळे. सरळ टाक्याच्या यंत्रात सुई आडवी हलत नाही. म्हणून काजाच्या साधनाने कापडच डावी-उजवीकडे हलवण्याची युक्ती काढली. त्यासाठी यंत्राचे दाते एका पट्टीने झाकावे लागतात, अन्यथा दाते कापड एका दिशेला ओढतात आणि साधन दुसऱ्या दिशेला. सिंगरच्या १६०५०६ या साधनात काजाची लांबी-रुंदी खटक्यांनी ठरवता येते. १९६० च्या सुमारास आलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतील साधनात निरनिराळ्या आकारांचे पोलादी साचे बसवावे लागतात. याच तत्त्वावर नागमोडी टाक्याची साधनेही निघाली. युद्धोत्तर काळात इटलीच्या नेक्की कंपनीची आडवी सुई हलवणारी यंत्रे अमेरिकेत लोकप्रिय झाली, तेव्हा घरोघरी असलेल्या सरळ टाक्याच्या यंत्रांना ही साधने जोडून त्यांचे आयुष्य वाढवण्यात आले. नवे यंत्र न घेता जुन्याला नवी क्रिया शिकवणे हे आज दुरुस्तीच्या चळवळी ज्याचा आग्रह धरतात त्याचेच आधीचे रूप; फरक इतकाच की तेव्हा ते विक्रीचे धोरण होते.

जुने साधन आज हाती आले तर ते वापरात आणण्याची रीत पुस्तकांपेक्षा हातांनी अधिक जपली आहे. मुंबईचा चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारी भरणारा जुना बाजार, हैदराबादचा जुमेरात बाजार अशा ठिकाणी ती सुटी, डबीविना आढळतात; पुस्तिका जवळपास कधीच सोबत नसते. गंज चढलेल्या रफलरला रॉकेलमध्ये भिजवून पात्यांची हालचाल मोकळी करावी लागते. दातेरी पात्याची टोके झिजलेली असतील तर ते साधन केवळ पाहण्यापुरते उरते. बसवताना दुबेळका हात सुईच्या स्क्रूवर नीट आला पाहिजे. अलीकडच्या यंत्रांत हा स्क्रू आखूड असल्यास हात घसरून सुटतो, म्हणून जुन्या साधनाला जुनेच यंत्र मानवते. गोटाच्या साधनात न दुमडलेली तिरक्या कापाची पट्टी भरायची असेल तर ती पंधरा-सोळांश इंच रुंद कापावी लागते. त्याहून रुंद पट्टी नळीत अडकते, अरुंद पट्टीची कड सुईखालून निसटते. आणि कोणतेही साधन प्रथमच लावले की पायटा किंवा मोटर चालवण्यापूर्वी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून, सुई साधनाच्या छिद्रातून मधोमध जाते की नाही ते पाहावे लागते. सुई कडेला घासली तर साधनाला नव्हे, सुईला दोष दिला जातो. पण बहुतेक वेळा दोष असतो तो स्क्रू पुरता न आवळल्याचा.